बिनधुराचं भरीत

"कपाशीच्या काड्या शेतात पेटवू नका," असं कृषी खात्याच्या बोरसे साहेबांनी पारावर तासभर घसा ताणून सांगितलं. "रोपानं हंगामभर हवेतला कार्बन गोळा केला, तो मातीत जाऊ द्या. तुम्ही काडी ओढता, की तो एका दुपारी आभाळात! आणि ऊन तापलं की असं का, हे पुन्हा मलाच विचारता." बठ्ठ्या गावानं, लहानथोर सगळ्यांनी, हात वर करून काडी न पेटवण्याची शपथ घेतली.

पंचाईत झाली ती ताईबाईंची. साहेबांना त्यांच्या घरी जेवायला भरीत ठरलेलं, आणि त्यांच्या भरिताचा तालुक्यात डंका होता तो काड्यांच्या जाळामुळेच. पण शपथ म्हणजे शपथ. ताईबाईंनी काळजावर दगड ठेवून वांगी कुकरमध्ये घातली.

पहिल्याच घासाला पंगतीतले सुपडूनाना ओरडले, "हाई भरीत शे का आजारी माणूसनं जेवण?" पंगत खो खो हसली. साहेब तेवढे हसले नाहीत. ताट सरकवून उठले आणि तडक गाडीकडे निघाले. साहेब रुसले म्हणून ताईबाई पदर सावरत मागं धावल्या.



साहेबांनी डिक्की उघडली, वाळक्या काड्यांची मोळी काखेत मारली आणि हळूच म्हणाले, "अक्का, चार वांगी शिल्लक असतील ना? ही शपथ द्यायला लागल्यापासून प्रत्येक गाव मला कुकरचंच भरीत वाढतंय!"