घरची गाडी

समजा, एके सकाळी तुम्ही दात घासत दारात उभे आहात आणि एक क्रेन तुमच्या अंगणात गाडी उतरवून जाते. साधीसुधी नव्हे. लांबलचक, सायीच्या रंगाची, आत खऱ्या चामड्याच्या सीट. बटण दाबलं की छत घडी होऊन मागे जाऊन बसतं आणि डोक्यावर नुसतं आभाळ. तुमचे बाबा तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "ही विकायची नाही. ही आपली." काय वाटेल तुम्हाला? बस, तेच चिमणीला वाटलं.

चिमणीचे बाबा जुन्या गाड्या विकायचे. दुकान नव्हतं. गाड्या घरीच यायच्या आणि घरूनच जायच्या. बाबा म्हणायचे, दुकानातली गाडी माणूस ठोकून-वाजवून घेतो, घरची गाडी डोळे झाकून घेतो. म्हणून गाडी आली की मागच्या सीटवर चिमणीची एखादी बाहुली आणि आईची छत्री ठेवली जाई. मग ती गाडी वर्षानुवर्षं याच घरात असल्यासारखी दिसू लागे. चिमणीला त्यात वावगं काही वाटत नसे. फळवाला नाही का फळं पुसून मांडत? नियम एकच होता: आलेल्या गाडीला जीव लावायचा नाही. पाहुणी ती, आज ना उद्या जायचीच.

पण ही पाहुणी नव्हती. चिमणीनं तिचं नाव ठेवलं साय. शाळेतून आली की दप्तर टाकून ती आधी सायीकडे धावायची. अभ्यास पुढच्या सीटवर, खाणं मागच्या सीटवर. मऊ कापडानं चामडं पुसताना शाळेतली भांडणं तिला सांगायची. आई म्हणायची की या पोरीचं अंथरूणही आता गाडीतच घालावं लागणार. दादा तेवढा गाडीजवळ फिरकत नसे. तो कॉलेजात जायला लागला होता. चिमणीला वाटलं, मोठी झालेली मुलं अशीच शिष्ट होत असतील.

एका सुट्टीच्या दिवशी एक बाई आल्या. जन्मभर इस्पितळात नर्स म्हणून राबून नुकत्याच निवृत्त झालेल्या. आयुष्य चार भिंतींत औषधांच्या वासात गेलं, म्हणाल्या, आता उरलेलं वाऱ्यात घालवायचंय. उघड्या छताची नवी गाडी त्यांना सात जन्मांत परवडली नसती. ही मात्र त्यांच्या साठवलेल्या पैशांत जेमतेम बसत होती.

चिमणी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. बाबा कुणाला तरी हौसेनं साय दाखवताहेत, एवढंच तिला आधी कळलं. मग बाबांचा आवाज आला. "चार वर्षं झाली हो घरात येऊन. विकवत नाही. पोरीचा जीव आहे तिच्यावर."

नर्सबाईंनी विचारलं, मग एवढी स्वस्त का देताय? बाबा नुसते खाली बघत राहिले. घरची अडचण परक्या माणसाला कशी सांगायची, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. बाईंनीही पुढं विचारलं नाही.

मागे दादा कप विसळत होता. चिमणी त्याच्याकडे धावली. बाबा साय विकताहेत, आपली आहे म्हणाले होते, तू जाऊन सांग ना त्यांना, असं सगळं ती एका दमात बोलली.

दादानं वळून पाहिलं नाही.

"माझी निळी होती," तो म्हणाला. "रडू येतंय ना? येऊ दे. फक्त भोकाड पसरू नकोस, गिऱ्हाईक बिचकतं."

चिमणीला काही कळेना. ती तशीच उभी राहिली, तेव्हा दादानं नळ बंद केला.

"खोटं रडणं लोकांना लगेच कळतं गं चिमणे. म्हणून बाबा आधी ही आपलीच म्हणून सांगतात. मला मिशा फुटल्या. आता माझ्या रडण्यावर कोण गाडी घेणार?"

बाहेरून हाक आली. "चिमणे, ये बाळा. सायीला टाटा कर."

ती गेली. नको नको म्हणताना डोळे भरून आलेच. बाबांनी तिला जवळ ओढलं आणि केसांवरून हात फिरवला. तो हात रोजच्यासारखाच होता, उबदार आणि थोडासा ऑइलचा वास येणारा. ताप आला की हाच हात रात्रभर कपाळावर असायचा. आता यातला आपला कुठला आणि गिऱ्हाइकाचा कुठला, हे तिला सांगता येईना.

नर्सबाई गुडघे दुमडून तिच्यासमोर बसल्या. त्यांचेही डोळे पाणावले होते. पोरांना खोटं रडता येत नाही, त्या बाबांना म्हणाल्या, एवढ्या मायेनं सांभाळलेली गाडी आणखी काय तपासून घ्यायची? मेकॅनिकला आणणार होते, पण आता राहू दे. त्यांनी पर्स उघडली.

बाबांचा हात चिमणीच्या डोक्यावर किंचित जड झाला. शाबास म्हणताना व्हायचा तसा.

चिमणीनं तो हात हळूच बाजूला केला. बाहीनं डोळे पुसले, पार कोरडे होईपर्यंत पुसले. मग ती नर्सबाईंच्या शेजारी, त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"मावशी, ही गाडी गेल्याच महिन्यात क्रेननं आली," ती म्हणाली. "बाबांनी तुमच्याआधी ती मला विकली."