पुड्यांतलं पुस्तक

अंजनगावच्या फलाटावर मूर्तिजापूरची छोटी गाडी थांबली आणि भागीरथा गार्डाच्या डब्याकडे धावत सुटली. गेले अकरा दिवस ती अशीच धावत होती.

मूर्तिजापूरचा कंपाउंडर धर्मपाल याच्याजवळ सुईणपणाचं एक जाडजूड पुस्तक होतं. साऱ्या टापूत तेवढं एकच, आणि परीक्षेला बसणाऱ्या तिघी, त्याही तीन गावच्या. मग या बहाद्दरानं काय करावं? वस्तऱ्यानं पुस्तकाची शिलाई उसवली, बारा गड्डे केले आणि रोज गार्डाच्या हाती धाडू लागला. एकच गड्डा आज एकीकडे, उद्या दुसरीकडे. वहीत उतरवून घ्यायचं आणि परतीच्या गाडीनं वापस. जिवापाड जपलेलं पुस्तक कोणी असं उसवतं काय? त्यानं उसवलं. त्याचं नाव घेतलं तरी भागीरथेला भरून यायचं.

आज तिचा शेवटचा गड्डा. परवा अमरावतीला परीक्षा. पास झाली तर सरकारी दवाखान्यात नोकरी, नाही तर पुन्हा कापसाच्या जिनात सरकी वेचणं.

गार्ड रामराव दारातच उभे होते, पण तोंड उतरलेलं. हातात सुतळीनं बांधलेली जुनी वर्तमानपत्रं.

"घोटाळा झाला, भागीरथा. हे पार्बताबाईचे पेपर हायेत. तुयावाला गड्डा तिनं खोलला."

पार्बताबाई बोरं विकायची. रोज याच गाडीनं, स्टेशनागणिक डबा बदलत. तिला पुड्यांसाठी रद्दी लागते म्हणून रामराव मूर्तिजापुराहून आणून द्यायचे, तीही फुकट. आज दोन्ही गठ्ठे शेजारी शेजारी ठेवलेले, सुतळीही एकच. बाईला अक्षराची ओळख नाही. झालं! परोपकार अंगाशी येतो तो असा.

"किती पानं गेले?" भागीरथेनं विचारलं.

"सारेच गेले वो माय," शेजारच्या डब्याच्या दारात टोपलीजवळ बसलेली पार्बताबाई म्हणाली. "मले काय ठाऊक? कागद चांगला जाड दिसला. म्हटलं, आज गार्डसाहेबानं झ्याक रद्दी आणली."

रामरावांनी हिरवा झेंडा काखेत मारला. "गाडी हालत नाई आता!" म्हणत ते एकेका डब्यासमोरून ओरडत निघाले. "बोरं घेतले त्यायनं कागद वापस द्या! पोरीची परवा परीक्षा हाये!"

आणि काय सांगावं! कोणी बोरं टोपीत ओतली, कोणी धोतराच्या सोग्यात, एकीनं पदरात. एका पैलवानानं तर सगळी एकदम तोंडात कोंबली. खिडक्या-खिडक्यांतून पानं बाहेर येऊ लागली. चुरगळलेली, चिकट, एकाला तर बोराची बी चिकटलेली.

"हे घे वो बाई."

"पास होजो बरं!"

एक म्हातारा मात्र रागावला. "पुस्तक असं पाठवतेत काय?" असं म्हणून त्यानं खिशातला रुमाल काढला आणि कागद आधी नीट पुसला, मग दिला.

भागीरथेनं हात जोडावे की पानं धरावी? धड एकही होईना. "लय उपकार झाले, लय उपकार," म्हणत ती रडत-हसत पळत होती.

फलाटावर बसून तिनं आकड्यांप्रमाणे पानं लावली. सोळातली पंधरा भरली.

"एक जण मांगंच कापूसतळणीले उतरला," पार्बताबाई आठवून म्हणाली. "लाल पागोट्यावाला. त्याच्यापाशी रायलं अशीन."

भागीरथेनं हरवलेल्या पानाच्या आधीचं पान उलटलं आणि तिनं कपाळाला हात लावला.

"आता वो माय, काय लिहेल होतं त्याच्यावर?" पार्बताबाईनं घाबरत विचारलं.

"पायाळू लेकरू अडलं तर सुईणीनं काय करावं, ते. हाच सवाल दरसाल विचारतेत."

रामरावांनी नाइलाजानं शिटी फुंकली. गाडी हलली. पार्बताबाईची अर्धी टोपली अजून भरलेली होती, ती पुढच्या स्टेशनात, पथ्रोटला खपायची होती. तिनं एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा त्या पंधरा पानांकडे. मग टोपली खाली ठेवली आणि हलत्या डब्यातून स्वतःही उतरली. भागीरथेसमोर तिनं फतकल मारली. गाडी निघून गेली.

"माह्या हातानं चौदा पायाळू लेकरं निंगाले," ती म्हणाली. "चौदाही जिते हायेत. घे लेखणी. पयली गोष्ट लिह्य, पायाले धरून वढाचं नाई."