हातभर दांडा

गाडी घासून गेली तशी शालनच्या कोपराचं सालटं निघालं आणि ती सायकलसकट रस्त्याकडेच्या चरात पडली. पांढऱ्या गाडीचा मालक थांबला, उतरला आणि आपल्या आरशावरून बोट फिरवून बघू लागला. "मावशी, कडंनं चालवा की! आरसा फुटला असता आत्ता," एवढं बोलून तो निघून गेला. तिच्या कोपराकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

वीस वर्षं ती मिरजेहून सांगलीच्या एका खाणावळीत पुऱ्या तळायला सायकलनंच जात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आपला लोखंडी झारा कॅरिअरला आडवा बांधला. दांडा उजवीकडे हातभर बाहेर.

"अगं, कुणाच्या गाडीला ओरखडा पडला म्हंजे?" नवरा म्हणाला.

"व्हय, त्याच्याचसाठी बांधलाय."

आणि काय सांगावं, त्या दिवशी ट्रकसुद्धा तिला वळसा घालून गेले!

सिग्नलला कालचीच पांढरी गाडी मागून आली आणि चांगलं अंतर राखून थांबली. मालकानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मावशी, ते दांडकं काढा की. गाडीला लागंल कुणाच्या!"

शालननं खपली धरलेलं कोपर वर करून त्याला दाखवलं. "काल मी पडले, तवा तुम्ही आरसा बघितलासा. आज मला बघून लांब थांबलासा. मग कशाला काढू?"

सिग्नल सुटला. शालन मान ताठ ठेवून पायडल मारत निघाली, आणि पांढरी गाडी हॉर्नसुद्धा न वाजवता तिच्या मागून आली, चार हात लांबून.