मधे न थांबणारं विमान

"विमान मधे कुठे थांबतं का, एवढंच सांगा," आजोबा पुन्हा म्हणाले.

काउंटरवरच्या बाईंनी मान वर केली. सकाळपासून जो येत होता तो स्वस्तातलं मागत होता. हा पहिलाच न थांबणारं मागत होता.

"आजोबा, डायरेक्ट आहे म्हटलं ना. तुमच्या मुलाच्या शहराला आमचं डायरेक्ट विमान जातं."

"डायरेक्ट म्हणजे न थांबणारं?"

बाई अडखळल्या. इथेच निम्मी गिऱ्हाइकं फसतात, आणि मग बाईंच्या नावाने खडे फोडतात. "तसं नाही. डायरेक्ट म्हणजे विमान बदलावं लागत नाही. मधे एका शहरात तासभर थांबतं, काही लोक उतरतात, काही चढतात. मुळीच न थांबणारं ते नॉनस्टॉप."

"मग नॉनस्टॉप बघा."

"तासभराने काय बिघडतंय?"

आजोबांनी मागे पाहिलं. बाकावर त्यांची बायको बसली होती. केस चापूनचोपून बांधलेले, खांद्याला रिकामी पर्स. ती शेजारच्या गृहस्थाला बजावत होती, "पुढे सरका, पुढे सरका, आत जागा आहे." तो बिचारा सरकून सरकून बाकाच्या टोकाला पोचला होता.

"जन्मभर बसमध्ये कंडक्टर होती," आजोबा म्हणाले. "आता सगळं विसरली. माझं नावसुद्धा. पण गाडी थांबली की उठते, चला, शेवटचा थांबा, उतरून घ्या म्हणते, आणि स्वतःही उतरते. परवा टॅक्सी सिग्नलला थांबली, ही उतरली, आणि मी भाडं देईपर्यंत गायब. संध्याकाळी सापडली."

बाईंना हसू आलं, आणि हसल्याची लाजही वाटली. मग मात्र त्यांनी मन लावून शोधायला घेतलं. या शहरातून कंपनीची नॉनस्टॉप विमानं मोजकीच होती. राजधानी, दोन बंदरं, आणि नवी जोडपी जातात ते बेट. मुलाचं शहर त्यात नव्हतं. त्यांनी वार बदलून पाहिले, महिना बदलून पाहिला. नाही म्हणजे नाहीच.

"पुढच्या हंगामात सुरू होईल असं कानावर आहे. तोवर थांबता का?"

"तोवर नाही जमायचं."

"यांची तब्येत बरी नाही का?"

"तिची? ठणठणीत आहे. शंभरी गाठेल."

"आणि तुमची?"

"मला काय धाड भरलीय?" आजोबांनी पँट वर ओढली. पट्ट्याला खिळ्याने पाडलेली नवी भोकं होती. बायकोचं सगळं करता करता स्वतःच्या जेवणाकडे बघायला वेळ कुठला मिळणार, असं काउंटरवरच्या बाईंना वाटलं.

तेवढ्यात आजोबांचा फोन वाजला. कमी ऐकू येत असल्यामुळे ते स्पीकर लावूनच बोलत. मुलगा होता.

"बाबा, आईला इथे आणायचं डोक्यातून काढून टाका. आम्ही दोघंही दिवसभर बाहेर. तिच्याकडे बघणार कोण?"

"अरे, माझं ऐकून तरी घे..."

"तुम्ही आहात ना तिच्याजवळ? मग मला काही काळजी नाही. ठेवतो, मीटिंग आहे."

"मी आहे रे, पण..." फोन बंद झाला होता. आजोबांनी तो खिशात घालायला घेतला, तर त्यांना खिसाच सापडेना.

बाईंचं पित्त खवळलं. काउंटरवर बसून गिऱ्हाइकाच्या घरात नाक खुपसायचं नसतं, पण राहवेना. "न कळवता जाऊन थडका. दारात आलेल्या आईबापाला काय हाकलून देणार आहे?"

"गेलो होतो एकदा. हाकललं नाही. चांगलं खाऊपिऊ घातलं आणि पंधरवड्यात दोघांची परतीची तिकिटं हातात ठेवली. म्हणाला, बाबा, तुम्ही समर्थ आहात." आजोबांनी बाकाकडे बोट केलं. "हिला एकटीला नेता का तुम्ही?"

"अशा पेशंटला सोबत असल्याशिवाय विमानात चढू देत नाहीत. नियमच आहे."

आजोबांनी काउंटरची कड घट्ट धरली. त्यांना रडू येत होतं. पण बायको बघत होती, आणि कुणी रडलं की ती घाबरायची.

"बरं, त्या डायरेक्टचंच सांगा. विमान थांबल्यावर हिने उठून दार गाठलं तर?"

"दारात आमची माणसं असतात. पुढचं तिकीट असलेल्याला ती उतरू देत नाहीत."

"ओरडत नाहीत ना? ओरडलं की ही बिथरते."

"नाही हो. गोडीगुलाबीने आणून बसवतात. मी तशी सूचना टाकते."

"आणि तिथे मुलगा घ्यायला आलाच नाही तर?"

"तिकिटावर त्याचा नंबर घालू. तो येऊन सही करून घेऊन जाईपर्यंत आमची माणसं यांचा हात सोडणार नाहीत. तुम्ही अगदी निर्धास्त राहा."

आजोबा बाकापाशी गेले. बायकोच्या कपाळावर आलेली बट त्यांनी कानामागे सारली. तिने त्यांच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं, आणि सरकून त्यांच्यासाठी जागा केली. ते तिच्याशेजारी जरा वेळ बसले. मग गुडघ्यावर हात देत उठले आणि काउंटरवर परत आले.

"मग डायरेक्टचीच दोन काढू ना?" बाईंनी विचारलं.

"काढा," आजोबा म्हणाले. "तिचं मुलाच्या शहरापर्यंत. माझं मधल्यापर्यंत."