सुगडातली माती

संक्रांतीला शेजारच्या हौसाक्कांनी यमुनाबाईंना वाण म्हणून मातीनं भरलेलं सुगड दिलं. "आमच्या शेतातली आहे, वहिनी. यातले जिवाणू कारखान्याचं विष खातात. परसात मिसळा, म्हणजे तुमच्या मातीतल्या जिवाणूंनाही ते शिकवतील."

यमुनाबाईंची सून मंदाकिनी पोटुशी होती. बाळाच्या उष्टावणाचा पहिला घास आपल्या परसातला असावा, एवढीच तिची इच्छा होती. पण मातीतलं विष तपासायची पट्टी परसात खोचली की लाल व्हायची.

घरात आलेलं धान्य उन्हात घालायची यमुनाबाईंची सवय. त्यांनी ती मातीही आठवडाभर गच्चीवर वाळवली.

"अहो आई, ते जिवंत होते!" मंदाकिनी रडवेली झाली.

यमुनाबाई सुगड घेऊन तशाच हौसाक्कांकडे गेल्या. "मारलं गं मी त्यांना."

"पापड वाटले होय तुम्हाला?" हौसाक्का हसल्या. "पण टाकू नका. विष कसं पचवायचं हे जिवाणूच्या पोटातल्या एका धाग्यात असतं. तो मेला तरी धागा मातीत उरतो, आणि जिवंत असलेला एखादा तो उचलून घेतो. मग तो शेजाऱ्याला देतो. वेळ लागेल, एवढंच."

यमुनाबाईंनी ती वाळलेली माती परसात मिसळली. पावसाळा संपता संपता पट्टी हिरवी झाली.

उष्टावणाच्या दिवशी परसातला भोपळा शिजवला. नातीला भरवण्याआधी यमुनाबाईंनी एक घास काढून मातीत ठेवला.

"तो कुणाला, आई?"

"माझ्या हातून मेले, तरी देऊन गेले, त्यांना."