काबानोव साहेबांचं जेवण
वर्ध्याहून मुलाकडे राहायला आलेले कोंडीराम डुकरे आताशा फार बोलत नसत. विश्रांतवाडीतल्या फ्लॅटच्या दारावर योगेशनं आडनाव बदलून ‘देवकर’ अशी नवी पाटी लावली, तेव्हाही ते गप्पच राहिले. डुकरे म्हटलं की लोक हसतात, हे त्यांनी जन्मभर सोसलं होतं. आता कंपनीत पोराला हसत होते, शाळेत नातीला चिडवत होते. भांडायचं तरी कोणत्या तोंडानं?

त्या रविवारी योगेशच्या कंपनीतले रशियन साहेब जेवायला आले. नाव काबानोव. नातीनं त्यांना नावाचा अर्थ विचारला, तेव्हा साहेबांनी दोन बोटं ओठांशी नेऊन सुळे करून दाखवले आणि इंग्रजीत काहीतरी सांगून खदखदून हसले.

“काय म्हणाले रे?” कोंडीरामांनी विचारलं.

योगेश ताटाकडे बघत म्हणाला, “काबान म्हणजे रानडुक्कर. त्यांच्याकडे लांडगा, अस्वल, चिमणी, सगळ्यांवरून आडनावं असतात म्हणे. हे त्यांच्या पणजोबांपासून चालत आलंय. नातवंडंही तेच लावतात.”

 कोंडीराम गुडघ्यावर हात टेकून उठले, तुपाचं भांडं घेऊन आले आणि साहेबांच्या पोळीवर तूप ओतू लागले.

“बाबा, पुरे! इतकं नाही चालत त्यांना.”

“खाऊ दे त्याले,” कोंडीराम म्हणाले. “माह्या मागं आपलं आडनाव लावणारं तेवढंच एक घर हाय.”