खिडकीजवळची जागा

अकोल्याच्या बसमध्ये देवीदासने बायकोला खिडकीजवळ बसवलं. त्याची आई, इंदूबाई, मागे चाकावरच्या सीटवर बसली. तिथे धक्के फार लागतात.

‘आत्याबाईले बसू द्या ना खिडकीत,’ मैना म्हणाली.

‘तिले सवय हाय. तू बस.’

खाली त्याचे वडील उभे होते. किसनराव आज दर्यापूरच्या स्टँडवर आले, याचंच देवीदासला नवल वाटलं होतं. त्याच्याकडे न बघता ते मागच्या खिडकीशी गेले, आपलं घोंगडं आत सरकवलं आणि बस हलली तरी गज धरून चार पावलं चालले. सुनेशी थेट कसं बोलणार, म्हणून आईपाशीच काय ते सांगत असतील, असं त्याने मानलं.

मागच्या मंगळवारी तो शाळेत असताना घरची तिघं अकोल्याला दाखवून आली होती. दिवेलागणीला मैनेने त्याला सांगितलं, की मी पोटुशी आहे, पण छातीत दोष निघाला, पोट ठेवलं तर जीव जाईल. तुमी नोका येऊ, बायांचं काम हाय, असंही ती वारंवार म्हणाली. त्याने ऐकलं नाही. रजा काढली.

देवीदास हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. हृदयाच्या झडपा त्याने फळ्यावर कितीदा तरी काढल्या होत्या. लहानपणच्या सांधेतापाने झडप अरुंद होते. गरोदरपणात रक्त वाढतं आणि ते त्या अरुंद वाटेतून जाऊ शकत नाही. सगळं पाठ होतं. दहीहांडा मागे पडल्यावर त्याने हळूच मैनेचं मनगट धरलं. नाडी घड्याळासारखी नीट चालली होती. बसून आहे म्हणून, असं त्याने स्वतःला समजावलं. मनगट मात्र सोडलं नाही. मास्तरनं लाज गुंडाळून ठेवली वाटते, असं शेजारची एक म्हातारी कुणालातरी ऐकू जाईल इतक्या हळू बोलली. मैना खाली बघत हसली.

आईने वाटेत पदरात तोंड खुपसलं होतं. डिझेलचा वास.

दवाखान्याच्या पायऱ्या उंच होत्या. मैनेला त्याने हाताला धरून चढवलं. आई अर्ध्यावर थांबली. दीक्षेच्या वेळी नागपुरात दिवसभर चालून न थकलेली आई. म्हणाली, चपलेचा अंगठा तुटला. तू हळू ये, असं म्हणून तो पुढे झाला.

डॉक्टर माणिकबाईंनी दोघींना तपासणीच्या खोलीत पाठवलं. देवीदास त्यांच्या टेबलापाशीच उभा राहिला.

‘हे पोट पाडणं कायद्यात बसते का, बाई?’

‘जीव वाचवण्यासाठी असेल तर बसतं. दुसऱ्या डॉक्टरांनीही छाती तपासली आहे, आमचं मत एक आहे.’ बाईंनी पेनाचं टोपण लावलं. ‘पण धडधाकट, नुसती बाळंतपणांनी पिचलेली बाई आली, तर मला तिला परत पाठवावं लागतं. मग ती कुणाकडून तरी काडी घालून घेते आणि रक्तात भिजून पुन्हा माझ्याच दारात येते. तेव्हा मात्र मी तिला हात लावू शकते.’

सरकारने कायद्याचा विचार करायला समिती नेमली आहे, हे त्याने पेपरात वाचलं होतं. तो तसं म्हणाला. बाई म्हणाल्या, मीही त्या समितीला लिहून कळवलंय. बघू किती वर्षं लागतात.

‘आणि पुढं?’

‘पुढेही मूल होऊ देऊन चालणार नाही.’

देवीदासने टेबलाची कड धरली. मुलगी झाली तर तिला कॉलेजात घालायचं, हे त्याने गेल्या वर्षीच ठरवून टाकलं होतं.

‘लेकरू नसलं तरी चालते, बाई,’ तो म्हणाला. ‘मले ती पायजे.’

माणिकबाईंनी चष्मा काढला. ‘मास्तर, तुम्हाला घरात कुणी—’

तपासणीच्या खोलीच्या दारात मैना येऊन उभी होती. तिने मान हलवली, अगदी थोडी. तिचे डोळे भरले होते. आपलं बोलणं तिने ऐकलं, हे देवीदासला कळलं.

बाईंनी चष्मा पुन्हा घातला. ‘बाहेर बसा,’ त्या मऊ आवाजात म्हणाल्या.

तो बाकावर बसला. शेजारी आईने ठेवलेलं बापाचं घोंगडं होतं. सोबतीला एकीने थांबलं तर चालेल, असं नर्स म्हणाली होती. म्हणून सासू-सुना दोघी आतच होत्या. आई आत आहे, मैनेचा हात धरून असेल, एवढाच त्याला धीर होता. रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जात राहिल्या. घोंगड्याच्या दशा तो विनाकारण वळत बसला.

शेवटी पडदा सरकला. मैना आपल्या पायांनी चालत बाहेर आली. तिच्या एका हातात आईच्या चपला होत्या, अंगठा धड असलेल्या, आणि दुसऱ्यात आईच्या बांगड्या.

‘आत्याबाई वाचल्या,’ ती म्हणाली. ‘तुमाले सांगाची लाज वाटे त्यायले.’